नाक वाहतंय, तरी लस द्यावी का?

“बाळाला सर्दी-खोकला असताना लस देऊ नका, अंगावर उलटते.” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. देणारे काळजीपोटीच देतात, पण तो खरा नाही. वाहतं नाक, हलका खोकला, थोडी कणकण असली तरी लस देता येते आणि ती लागूही पडते. बाळ तापाने फणफणलं असेल किंवा भरती करण्याइतकं आजारी असेल, तरच थांबायचं.

तान्ह्या मुलांना सर्दी सारखीच होते. दर वेळी थांबलो, तर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस) लांबत जाते. तिच्यात डांग्या खोकल्याची लस असते, आणि हा आजार सर्वांत जास्त जिवावर बेततो तो याच वयात. मला खरी धास्ती वाटते ती याची.

खात्री करायची तर माता-बाल संरक्षण कार्ड उघडून तारखा बघा आणि लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंना सर्दीचं सांगूनच विचारा. आधीच्या डोसनंतर अंगभर गांधी उठून श्वास लागला असेल, तर तेही नक्की सांगा. तारीख हुकली असली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्या डोसपासून पुढे चालू होतं.