रांग विकत घेणारी रॉकेट कंपनी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर माहिया नावाचं द्वीपकल्प आहे. २५ मे २०१७ रोजी तिथून एक काळं, सडपातळ रॉकेट उडालं. उंची १७-१८ मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढी. नाव इलेक्ट्रॉन. रॉकेट २२४ किलोमीटरपर्यंत व्यवस्थित गेलं. मग जमिनीवर त्याच्याकडून येणारी माहिती तुटक यायला लागली आणि सुरक्षेच्या नियमानुसार उड्डाण तिथेच थांबवावं लागलं. पुढे तपासात कळलं की रॉकेट ठणठणीत होतं. बाहेरच्या एका कंत्राटदाराच्या उपकरणात, सिग्नलमधल्या चुका दुरुस्त करणारी सोय चालू करायची राहून गेली होती. एवढंच.

रॉकेट होतं रॉकेट लॅब कंपनीचं. तिचा संस्थापक पीटर बेक इन्व्हरकार्गिल गावचा. विद्यापीठाची पायरी न चढता त्याने कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवण्याची उमेदवारी केली आणि २००६ मध्ये ही कंपनी काढली. २१ जानेवारी २०१८ ला दुसरं इलेक्ट्रॉन कक्षेत पोहोचलं. पण दुसऱ्याच्या एका चुकलेल्या सेटिंगपायी आपलं धडधाकट रॉकेट समुद्रात जातं, हा अनुभव त्या कंपनीच्या पुढच्या सगळ्या खरेदीकडे बघताना मला राहून राहून आठवतो.

आधी धंद्याचं गणित बघू. छोटा उपग्रह अवकाशात न्यायचा स्वस्त मार्ग म्हणजे वडाप. मोठं रॉकेट भरेल तेव्हा निघणार, त्याला जायचंय त्या कक्षेत सोडणार. आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने फेब्रुवारी २०१७ मध्ये एका फेरीत १०४ उपग्रह नेले तो याचाच नमुना. इलेक्ट्रॉन म्हणजे स्पेशल रिक्षा: जेमतेम ३०० किलो ओझं, पण तुमच्या वेळेला, तुमच्या दारात. अडचण अशी की वडाप दिवसेंदिवस स्वस्त होत गेलं. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ने १४३ उपग्रह एकदम नेऊन पीएसएलव्हीचा विक्रमही मोडला. नुसत्या रिक्षाच्या भाड्यावर किती दिवस भागणार?

शिवाय गिऱ्हाइकांचे उपग्रह वेळेवर तयारच होत नव्हते. उपग्रह रखडतो तो बहुतेक वेळा एखाद्या मुठीएवढ्या भागासाठी. तो भाग जगात दोन-चार छोटे कारखाने बनवतात आणि प्रत्येकाच्या दाराशी रांग असते. रॉकेट लॅबने मग ही रांगच विकत घ्यायला सुरुवात केली.

पहिली खरेदी २०२० मध्ये, टोरांटोची सिंक्लेअर इंटरप्लॅनेटरी. ही कंपनी रिॲक्शन व्हील बनवायची. हा भाग समजायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसा, पाच किलो पिठाची पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरा आणि झटक्यात उजवीकडे न्या. खुर्ची डावीकडे वळेल. उपग्रहाला रेटा द्यायला जमीन नसते, म्हणून त्याच्या पोटात एक चाक बसवतात. मोटरने चाक एका दिशेला फिरवलं की उपग्रह उलट दिशेला वळतो. तीन दिशांना तीन चाकं, आणि शहाणा माणूस चौथं जास्तीचं ठेवतो. सूर्यप्रकाशाचा अगदी हलका दाबसुद्धा उपग्रहाला सतत ढकलत असतो. तो तोलता तोलता चाकाचा वेग वाढत जातो, आणि मग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन किंवा छोटी इंजिनं वापरून तो उतरवावा लागतो. ही चाकं वर्षानुवर्षं फिरायची, तीही तेलपाण्याला कोणी नसताना. नासाच्या केपलर दुर्बिणीची चारपैकी दोन चाकं निकामी झाली, एक २०१२ मध्ये आणि दुसरं २०१३ मध्ये, आणि तिचं मूळ काम तिथेच संपलं. आरसे, कॅमेरा सगळं शाबूत, पण मान स्थिर धरता येईना.

ऑगस्ट २०२१ मध्ये रॉकेट लॅब अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात आली, हातात पैसा आला आणि खरेदीला जोर चढला. उपग्रहाचं सॉफ्टवेअर लिहिणारी कोलोराडोची एएसआय ४ कोटी डॉलरला घेतली. पाठोपाठ मेरीलँडची प्लॅनेटरी सिस्टिम्स. ही कंपनी रॉकेटपासून उपग्रह अलगद सुटा करणारी कडी बनवते. पूर्वी यासाठी स्फोटाने तुटणारे बोल्ट वापरत. त्यात गोची अशी की फटाका चांगला आहे का हे बघायला तो वाजवावा लागतो, आणि वाजवला की संपला. या कंपनीची कडी मोटरवर उघडते, त्यामुळे जमिनीवर पुन्हा पुन्हा उघडून-लावून तपासता येते.

सगळ्यात मोलाची खरेदी मात्र जानेवारी २०२२ ची: न्यू मेक्सिकोतली सोलएरो, ८ कोटी डॉलर. आपल्या गच्चीवरचं सिलिकॉनचं पॅनेल सूर्यप्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. अवकाशातल्या सौरपेशीत वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक चढवलेले असतात. वरचा थर निळसर प्रकाश खातो, मधला तांबडा, खालचा अवरक्त. जणू एकाखाली एक तीन चाळण्या. कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास जाते आणि अवकाशातल्या किरणोत्सर्गालाही त्या जास्त टिकतात. मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या डोक्यावरच्या पेशी सोलएरोच्या होत्या. अमेरिकेत असं काम मोठ्या प्रमाणावर करणारी दुसरी कंपनी म्हणजे बोइंगच्या मालकीची स्पेक्ट्रोलॅब. म्हणजे सोलएरो घेतली की प्रतिस्पर्ध्यांचे उपग्रहसुद्धा तुमच्याच विजेवर चालणार! रॉकेट लॅब हे सुटे भाग इतरांनाही विकते. गिऱ्हाईक आणि स्पर्धक एकच असला की दुकानदाराला जरा जपून बोलावं लागतं, पण गल्ला दोन्हीकडून भरतो. २०२४ मध्ये कंपनीच्या सुमारे ४३.६ कोटी डॉलर उत्पन्नापैकी रॉकेट उडवून मिळालेले होते १२.५ कोटींच्या आसपास. नावात तेवढं रॉकेट उरलं.

काही खरेदी लिलावातलीही आहे. व्हर्जिन ऑर्बिट ही विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडणारी कंपनी २०२१ च्या शेवटी ३ अब्ज डॉलरहून अधिक मोलाची म्हणून बाजारात आली आणि २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा कारखाना यंत्रांसकट रॉकेट लॅबला १.६१ कोटी डॉलरला मिळाला. नव्या, मोठ्या न्यूट्रॉन रॉकेटच्या कामासाठी तो हवाच होता. मोठं रॉकेट कधीच बनवणार नाही, नाहीतर टोपी खाईन, असं बेक पूर्वी म्हणायचा. २०२१ मध्ये न्यूट्रॉनची घोषणा करताना त्याने खरोखर टोपी मिक्सरमधून काढून खाल्ली.

प्रत्येक खरेदी तयार पिकाचीच असते असं नाही. अमेरिकी संरक्षण खात्याकडून रॉकेट लॅबला १८ उपग्रहांचं ५१.५ कोटी डॉलरचं काम मिळालं. हे उपग्रह एकमेकांशी लेझरने बोलणार. रेडिओपेक्षा लेझरमध्ये माहिती जास्त मावते, आणि झोत कितीतरी अरुंद असल्यामुळे चोरून ऐकणं अवघड. पण हजारो किलोमीटरवरच्या, सुसाट पळणाऱ्या दुसऱ्या उपग्रहावर नेम धरून राहावं लागतं. ही उपकरणं देणारी म्युनिकजवळची मायनॅरिक उत्पादनात अडखळली, पैशानेही अडचणीत आली. मार्च २०२५ मध्ये रॉकेट लॅबने ती कंपनीच विकत घ्यायचा मनसुबा जाहीर केला. सुतार वेळेवर दारं देत नाही म्हणून त्याचा कारखानाच घ्यावा, तसं हे. यात त्याची देणी आणि मोडकी करवतही आपल्या गळ्यात पडते, म्हणून या व्यवहाराबद्दल मला तितकासा उत्साह नाही.

या सगळ्या जमवाजमवीचं फळ बघायचं तर एस्कपेड मोहीम बघावी. नासासाठी मंगळाकडे जाणारी ही जुळी यानं रॉकेट लॅबने बांधली. पॅनेल, चाकं, ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे कॅमेरे, रेडिओ, बरंचसं घरचंच. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन्ही यानं फ्लोरिडात हजर झाली. पण हे ओझं इलेक्ट्रॉनला पेलणारं नव्हतं, ठरलेलं रॉकेट होतं ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू ग्लेन, आणि ते तयार नव्हतं. यानं वर्षभराहून अधिक थांबली आणि अखेर १३ नोव्हेंबर २०२५ ला दुसऱ्याच्या रॉकेटवर बसून निघाली.