कोड जनरेटरची निवड

प्रोग्रामचा काही भाग हाताने न लिहिता दुसऱ्या प्रोग्रामकडून लिहवून घेण्याच्या साधनाला कोड जनरेटर म्हणतात. त्याला व्याकरणाचे नियम, डेटाची रचना किंवा आकृत्यांचे मॉडेल द्यायचे आणि सी, जावा, गो अशा भाषेतला कोड काढून घ्यायचा. बाजारात अशी साधने ढिगाने आहेत. त्यांतले कोणते घ्यावे, हे साधनाच्या गुणांइतकेच टीमला आधीपासून काय येते यावर ठरते.

जनरेटर आला की निदान एक नवी भाषा गळ्यात पडते. एक्सएमएलमधल्या (खुणांच्या चौकटीत लिहिलेल्या) मजकुराचे रूप बदलणारी एक्सएसएलटी ही भाषा १९९९ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि एक्सएमएलमधून कोड काढायलाही ती वापरली जाऊ लागली. तिच्या पहिल्या आवृत्तीत व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत बदलत नाही. लूपमध्ये मोजणी वाढवत नेण्याची सवय असलेल्या जावा प्रोग्रामरला तिथे रिकर्शनचा, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या कोडचा, आधार घ्यावा लागतो. मग टेम्पलेट (कोड ज्यावरून निघतो तो साचा) कळणारा टीममध्ये एकच माणूस उरतो. तो रजेवर गेला, की बाकीचे तयार झालेल्या फाइलमध्येच दुरुस्ती करतात आणि पुढच्या बिल्डला, म्हणजे कोड पुन्हा तयार होताना, ती पुसली जाते.

पार्सर (मजकूर व्याकरणाप्रमाणे वाचून त्याची फोड करणारा भाग) बनवणाऱ्या साधनांत ही अडचण जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात केलेले ‘याक’ आजही वापरात आहे. ‘शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट’ (पुढचा शब्द घ्यायचा की आधीचे शब्द नियमात गुंडाळायचे, हे ठरत नाही) हा त्याचा इशारा कंपायलरचा (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा) विषय शिकलेल्याला लगेच उमगतो. इतरांसाठी ती निव्वळ तक्रार असते, उपाय नव्हे. शिवाय नियमातले घटक डॉलर-एक, डॉलर-तीन असे क्रमांकाने ओळखायचे असल्याने मध्ये एक शब्द घातला की पुढचे सगळे आकडे सरकतात.

एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये याकऐवजी त्याचे कर्ते डी. रिचर्ड हिप यांनीच लिहिलेला ‘लेमन’ वापरतात. त्यात घटकांना क्रमांकांऐवजी नावे देता येतात. लेमन म्हणजे सीमधली एक फाइल आणि सोबत पार्सरचा एक टेम्पलेट. सी येणाऱ्याला दोन्ही उघडून वाचता येतात. एसक्यूलाइटच्या शंभराहून अधिक फाइल जोडून दोन लाखांवर ओळींची एकच फाइल करणारी स्क्रिप्ट मात्र टीसीएल या स्क्रिप्ट-भाषेत आहे. नवख्याला ही निवड विचित्र वाटेल. पण एसक्यूलाइटचा जन्मच टीसीएलचे एक्स्टेन्शन (जोडभाग) म्हणून झाला, तेव्हा ती त्या टीमची घरचीच भाषा.

गो भाषेच्या १.४ आवृत्तीत (२०१४) ‘गो जनरेट’ ही जनरेटर चालवण्याची सोय आली. चालवायची आज्ञा कोडमधल्या एका कॉमेंटमध्येच लिहिलेली असते. त्याच्या सोबतीने वापरले जाणारे ‘स्ट्रिंगर’ हे स्थिरांकांची नावे छापणारा कोड लिहिणारे साधन गोमध्येच लिहिलेले असून गोचाच कोड वाचते, म्हणजे नवी भाषा शिकण्याचा प्रश्नच येत नाही.

याउलट, मॉडेलमधून कोड काढण्याच्या पद्धतीत आकृत्या काढणे हेच मुख्य कौशल्य. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात (स्थापना १९८१) घडलेले ‘मास्टरक्राफ्ट’ याच वर्गातले. तिथे अचूक मॉडेल करणारी माणसे आधी तयार करावी लागतात, आणि प्रकल्प लहान असेल तर तेवढा खर्च झेपत नाही.

जनरेटर काढून टाकणे हीसुद्धा निवडच. सी प्लस प्लसचे व्याकरण बायसनच्या (याकसारख्याच पार्सर-जनरेटरच्या) चौकटीत नीट बसेना, म्हणून जीसीसी या कंपायलरने ३.४ आवृत्तीत (२००४) हाताने लिहिलेला पार्सर आणला. तो एकमेकांना बोलावणाऱ्या साध्या फंक्शनांचा असल्याने डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) पायरीपायरीने पाहता येतो. दोन वर्षांनी, ४.१ आवृत्तीत, सीचा पार्सरही तसाच झाला.