कोल्हापूर परिसरातील पारवे, होले आणि हरोळ्या

कबूतर कुळातील रानपक्षी. कोल्हापूर शहर, भोवतालचे शिवार आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीचे जंगल मिळून या कुळातील अनेक जाती आढळतात. बोलण्यात मात्र सगळ्यांना सरसकट ‘कबूतर’ म्हटले जाते. लहान आणि तपकिरी असेल तर ‘होला’ किंवा ‘कवडा’. ओळख पटवताना आधी मान पाहावी. बहुतेक जातींची खूण मानेवर असते आणि ती पुढच्या बाजूला आहे की मागच्या, एवढे कळले तरी निम्मे काम होते.

सर्वांत परिचित तो पारवा. राखाडी अंग, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी आणि मिटलेल्या पंखावर दोन ठळक काळे पट्टे. लुगड्याचा किंवा भिंतीचा ‘पारवा’ रंग म्हणतात तो याच्यावरूनच. हा मूळचा कड्याकपारींचा रहिवासी. पन्हाळ्यासारखे कडे आणि शिवारातल्या जुन्या दगडी विहिरी ही त्याची जुनी घरे. शहरातली दगडी देवळे आणि वाडे हे त्याच्या लेखी कडेच. शहरी थव्यात पांढरे, विटकरी, काबरे पक्षी दिसले तर ती निराळी जात समजू नये. कोल्हापुरात ढाबळी बाळगणारे हौशी पुष्कळ आहेत आणि ढाबळीतून सुटलेल्या पाळीव कबुतरांचा रंग थव्यात उतरत जातो. युरोपीय पुस्तक हाताशी घेऊन पाहणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावे: तिकडच्या रानपारव्याची कंबर पांढरी असते, आपल्याकडच्याची सहसा राखाडीच.

खरी गल्लत होल्यांत होते. ठिपकेवाल्या होल्याच्या मानेमागे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा सोंगट्यांच्या पटासारखा पट्टा असतो, पाठीवर फिकट गुलाबी ठिपके असतात आणि उडताना शेपटीची पांढरी टोके उघडतात. तो बागांत, ओढ्याकाठच्या झाडीत राहतो. छोटा तपकिरी होला त्याहून बारीक, सुमारे २७ सेंटिमीटर. त्याची मान मागून कोरी असते. त्याची खूण गळ्याच्या पुढच्या बाजूला, तांबूस-काळ्या ठिपक्यांची पट्टी, आणि पंखाच्या कडेला निळसर राखी छटा. मोकळी, कोरडी जागा त्याला आवडते. अंगणात शाळू वाळत घातला की हा दोन-चार हातांवर येतो. दाणा टिपताना गळा झाकलेला राहतो. मग तो मान वर करून कानोसा घेतो, तेव्हा गळ्यावरची दुभंगलेली पिसे फुलतात आणि काळ्या बुडांवर तांबूस टोके लखलखतात. हे एकदा जवळून पाहिले की दोन्ही होल्यांत पुन्हा घोटाळा होत नाही. त्याचे घुमणेही ओळखू येते, दबक्या हसण्यासारखे, पाच-सहा मात्रांचे.

कंठी होला या दोघांहून फिकट आणि मोठा. मानेमागे काळी अर्धी कंठी. हाक तीन मात्रांची, मधली लांबलेली: कु-कूऽऽ-कु. शिरोळ, हातकणंगलेकडच्या कमी पावसाच्या शिवारात विजेच्या तारांवर, बाभळींवर तो शोधावा. तांबूस होल्यालाही अशीच कंठी असते, पण तो जेमतेम २३ सेंटिमीटरचा. नराचे अंग विटकरी आणि डोके राखी असल्याने तो लगेच कळतो. मादी तपकिरी असल्याने कंठी होल्याशी तिची गल्लत होते. तिथे लहान चण आणि आखूड शेपटी पाहावी.

घरट्यातून नुकत्याच उडालेल्या पिल्लांपुढे मानेचा नियम हरतो, कारण त्यांच्या मानेवर खूण उमटलेली नसते. अशा वेळी आकार, शेपटी आणि आसपासचे आईबाप पाहूनच ठरवावे.

हरोळी किंवा हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पिवळसर हिरवे अंग, खांद्यावर जांभळी छटा आणि पिवळेधमक पाय. ती घुमत नाही, मंजुळ शीळ घालते. जमिनीवर क्वचितच उतरते. वड, पिंपळ, उंबर पिकले की थवाच्या थवा झाडात असतो, पण पानांत मिसळून गेलेला, फळे टपटपली तरच जाणवणारा. थंडीत सकाळी हा थवा निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसतो. पाहायची वेळ तीच. रस्तारुंदीत एखादा जुना वड पडतो तेव्हा हरोळ्यांची खानावळच बंद होते, याची मोजदाद व्हायला हवी.

पश्चिमेला गगनबावडा, आंबा घाट आणि राधानगरीकडे जाताना होले मागे पडतात आणि जंगलातल्या जाती सुरू होतात. पायवाटेवरून लाल चोचीचा, पाचूसारख्या हिरव्या पंखांचा पक्षी जमिनीलगत सुसाट गेला तर तो पाचू होला. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे. तिथला मानाचा पक्षी म्हणजे निलगिरी रानपारवा. नावात निलगिरी असली तरी तो साऱ्या पश्चिम घाटाचा, आणि जगात फक्त इथलाच. त्याच्या शास्त्रीय नावात मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आहे. त्याच्याही मानेमागे सोंगट्यांचा पट असल्याने नवखा त्याला ठिपकेवाला होला समजतो. पण हा ४२ सेंटिमीटरचा, पाठीला तांबूस-जांभळी झाक असलेला, आणि त्याच्या शेपटीला पांढरी टोके नाहीत. दाट पर्णछत्रात तो बहुधा दिसतच नाही. आधी एक लांब, खोल हुंकार आणि मागोमाग तीन ते पाच आखूड हुंकार ऐकू आले, की वहीत त्याचे नाव लिहावे.