सिस्टस लाडॅनिफर: कूळ आणि मुलूख

सिस्टस लाडॅनिफर हे भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातले झुडूप ओळखायचे असेल तर नुसते फूल पाहून भागत नाही, बोंड फोडून कप्पे मोजावे लागतात. फूल देखणे आहे यात शंका नाही. ते सात ते दहा सेंटिमीटर रुंद आणि पांढरेशुभ्र असते, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका असतो आणि पाचही पाकळ्यांच्या तळाशी एकेक गडद किरमिजी डाग. कळीत कोंबलेल्या पाकळ्या उमलल्यावरही चुरगळलेल्या मलमलीसारख्या दिसतात. सकाळी उमललेले फूल त्याच दिवशी गळून जाते. पण त्या डागावर विसंबता येत नाही, कारण एकाच टेकडीवर डाग असलेली आणि कोरी पांढरी अशी दोन्ही झुडपे शेजारीशेजारी वाढतात.

म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ आधी फुलाची मागची बाजू पाहतात. सिस्टसच्या अनेक जातींना पाच निदले, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दले, असतात, याला तीनच. मग बोंड. इतर सिस्टसच्या बोंडात पाच कप्पे, याच्या बोंडात साधारण दहा. सिस्टस लॉरिफोलियस या जवळच्या नातलगालाही तीन निदले असतात, पण त्याचे बोंड पाच कप्प्यांवर थांबते. एवढ्या दोन खुणा हाताशी असल्या की चूक होण्याची शक्यता फार कमी. जातीच्या आतले प्रश्न मात्र या खुणांनी सुटत नाहीत. त्यासाठी झुडूप कुठल्या मातीत, कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या खडकावर उगवले हे पाहावे लागते. या झुडपाचे वर्गीकरण नकाशा बाजूला ठेवून करताच येत नाही, आणि मला त्याचे हेच सर्वांत जास्त आकर्षण आहे.

इंग्रजीत या गटाला रॉकरोझ म्हणत असले तरी गुलाबाशी त्याचे काहीही नाते नाही. सिस्टेसी हे आठेक प्रजातींचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि दोनशेच्या आतबाहेर जातींचे छोटे कुल ज्या गणात मोडते, त्याच गणात आपली जास्वंद, कापूस आणि भेंडी येतात. त्याहून जवळचे नाते आहे ते सालवृक्षाच्या कुलाशी. मध्य भारतातल्या जंगलातला तीस मीटरचा साल आणि स्पेनच्या डोंगरावरचे दीड-दोन मीटरचे झुडूप हे सोयरे आहेत, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला पटणार नाही. पण दोघेही राळ गाळतात, आणि दोघांच्याही मुळांभोवती विशिष्ट प्रकारच्या बुरशीचे आवरण असते. ही बुरशी झाडाला मातीतले क्षार मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. याच गोतावळ्यातले तिसरे कुल फक्त मादागास्करमध्ये आहे, आणि तिथेही हीच बुरशी. मादागास्करचे हे कुल आणि आशियातला सालाचा गोतावळा यांच्या समान पूर्वजाकडे ही भागीदारी आधीच असावी, भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटण्यापूर्वी, म्हणजे सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, असे २००४ साली संशोधकांनी मांडले. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची मुळे शोधताना आपण असे आपल्याच उपखंडापाशी येऊन पोहोचतो.

नावांचा इतिहास थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकात क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६४-६५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल पालथे घातले आणि तिथल्या सिस्टसचे प्रकार क्रमांक देऊन नोंदवले. १७५३ मध्ये आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने आजचे नाव दिले, मात्र त्याने सिस्टसमध्ये बरेच काही कोंबले होते. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने त्यातून हेलियांथेमम वेगळे काढले. नंतरच्या दीडशे-दोनशे वर्षांत ड्युनाल, श्पाख, विलकोम, ग्रोसर आणि १९३९ मध्ये दांसेरो यांनी उपगट पाडले, मोडले, पुन्हा पाडले. ही माणसे निदलांची संख्या, कुक्षीवृंताची (स्त्रीकेसराच्या दांड्याची) लांबी, बोंडाचे कप्पे, पाकळ्यांचा रंग अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर काम करत होती. डीएनए हाती आल्यावर त्यांच्या कामाचा एक भाग टिकला, एक ढासळला. टिकला तो रंग: जांभळ्या-गुलाबी फुलांचे आणि पांढऱ्या फुलांचे अशा दोन फांद्या ढोबळमानाने खऱ्या निघाल्या. ढासळली ती पिवळ्या फुलांच्या हॅलिमियमला सिस्टसपासून वेगळी प्रजाती मानणारी भिंत. सिस्टस आणि हॅलिमियम वंशवृक्षावर एकमेकांत गुंतलेले आहेत, इतके की दोन्ही एकाच प्रजातीत घालावेत असेही काही जण म्हणतात.

आता मुलूख पाहू. सिस्टस ही प्रजाती कॅनरी बेटांपासून पूर्वेला कॉकेशसपर्यंत पसरलेली आहे, पण लाडॅनिफर पक्का पश्चिमेचा. पोर्तुगालमध्ये अलेंतेझु आणि अल्गार्वच्या टेकड्या, स्पेनमध्ये एक्स्ट्रेमादुरा, तोलेदोचे डोंगर आणि सिएरा मोरेना, दक्षिण फ्रान्समधल्या काही मोजक्या जागा, समुद्रापलीकडे मोरोक्को आणि अल्जीरियाचा उत्तर भाग, एवढीच त्याची नैसर्गिक हद्द. एवढीच म्हटले तरी या हद्दीच्या आत तो मैलोन्‌मैल सलग उगवतो. स्पॅनिश लोक झुडपाला हारा म्हणतात आणि त्याच्या रानाला हाराल. पोर्तुगीज त्याला इश्तेवा म्हणतात.

हद्द कोण आखते? पहिली गोष्ट माती. लाडॅनिफरला आम्लधर्मी जमीन लागते: स्लेट, ग्रॅनाइट, क्वार्टझाइट यांच्यावर तयार झालेली उथळ, नापीक माती. पूर्व स्पेनमध्ये चुनखडी सुरू झाली की तो मागे हटतो आणि गुलाबी फुलांचा सिस्टस आल्बिडस व बारीक पानांचा सिस्टस क्लुसाय पुढे येतात. दुसरी गोष्ट थंडी. डोंगर चढत गेले की कडाक्याचे हिवाळे लॉरिफोलियसला मानवतात, याला नाही. कोरड्या उन्हाळ्याची त्याला फिकीर नसते. आपल्याकडे कडक उन्हाळ्याच्या पाठोपाठ पाऊस येतो. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि सगळ्यात गरम महिने पूर्ण कोरडे जातात. ही ऋतूंची घडी सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी बसली, आणि सिस्टसच्या जाती फुटल्या त्या मुख्यतः तिच्यानंतर. लाडॅनिफरची पाने याच उन्हाळ्याला साजेशी आहेत. ती लांबट आणि भाल्यासारखी असतात, वरून राळेने चिकट आणि चकचकीत, खालून पांढऱ्या लवेने मढलेली. उन्हाच्या तडाख्यात ही राळ इतकी सुटते की दुपारी अख्ख्या डोंगराला तिचा वास येतो.

तिसरी गोष्ट आग, आणि इथे जरा थांबायला हवे. राळेने माखलेले झुडूप पेटले की धडाडून जळते आणि मुळासकट मरते. जळलेल्या बुंध्यातून फुटवे येत नाहीत. पण एका बोंडात शेकडो बिया असतात, जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या. त्यांचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरत नाही, आणि त्या वर्षानुवर्षे मातीत पडून राहतात. वणव्याने माती तापली, कवचाला काही मिनिटे शंभर अंशांच्या आसपासची धग लागली, की ते तडकते. पुढच्या पावसाळी हिवाळ्यात त्या काळ्या जमिनीवर रोपांची गर्दी उसळते. ओसाड पडलेल्या शेतांवरही तो असाच चालून जातो. म्हणून आज दिसणाऱ्या हारालचा किती भाग मूळचा आणि किती माणसाच्या कुऱ्हाडीने, नांगराने आणि काडेपेटीने वाढवलेला, याची रेघ जमिनीवर ओढणे कठीण आहे. नैसर्गिक मुलूख ठरवताना मला ही अडचण सगळ्यात मोठी वाटते. बागेतून सुटून तो कॅलिफोर्नियातही रानोमाळ झाला आहे, पण तिथे निदान तो बाहेरचा आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

नैर्ऋत्य स्पेन आणि पोर्तुगालमधल्या जुन्या खाणींच्या पट्ट्यात तर तो धातूंनी विषारी झालेल्या ढिगाऱ्यांवरही उगवतो. अशी धातू सोसणारी झुडपे ही एक वेगळी शाखा असेल, असे वाटणे साहजिक होते. हरितलवकातला (पेशीतल्या हरितद्रव्य असलेल्या कणांतला) डीएनए तपासल्यावर २०१० मध्ये दिसले की हा गुण एका पूर्वजाकडून सगळीकडे पसरलेला नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या साध्या झुडपांतून तो स्वतंत्रपणे पुन्हापुन्हा घडला आहे. म्हणजे सोशीकपणा खरा, पण वर्गीकरणाला निरुपयोगी.

जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीची गोष्ट याहून रंजक आहे. अटलांटिकचे पाणी आत घुसून ही सामुद्रधुनी सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी उघडली. सर्वांत अरुंद जागी ती १४ किलोमीटर आहे. युरोप आणि आफ्रिकेतला लाडॅनिफर तिने दुभंगला असावा, असा सोपा तर्क करता येतो, कारण याच्या बियांना पंख नाहीत, गर नाही, काटे नाहीत. बोंड उघडते आणि बिया झाडाखालीच सांडतात. माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानातल्या बेआत्रिस गुस्मान आणि पाब्लो वर्गास यांनी २००९ मध्ये दोन्ही किनाऱ्यांवरची झुडपे डीएनएने ताडून पाहिली. दोन्ही बाजूंमधला फरक सामुद्रधुनीच्या वयापेक्षा पुष्कळ अलीकडचा निघाला. समुद्र आधी आला, झुडूप नंतर पलीकडे गेले. उडण्याची किंवा चिकटण्याची कुठलीही सोय नसलेल्या बिया समुद्र ओलांडू शकतात, हे यातून निघते, आणि बीज पाहून झाडाचा प्रवास सांगण्याची आपली सवय किती तोकडी आहे हेही.

नावे नकाशाला सोडून गेली की काय होते, याचे उदाहरण सिस्टस सायप्रियस. लामार्कने १७८६ मध्ये हे नाव दिले, सायप्रसचा म्हणून. प्रत्यक्षात तो लाडॅनिफर आणि लॉरिफोलियस यांचा संकर, आणि लाडॅनिफर मुळात सायप्रसचा नाही. सुगंधी राळेचा, म्हणजे लॅबडॅनमचा, जुना व्यापार सायप्रस आणि क्रीटमधून चाले, पण ती राळ गुलाबी फुलांच्या सिस्टस क्रेटिकसची. बोकडांच्या दाढीला चिकटलेली ही राळ गोळा करतात, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. अत्तराच्या धंद्यात आज लॅबडॅनम मोठ्या प्रमाणावर येते ते मात्र स्पेनच्या वेल्वा प्रांतातल्या आंदेवालो भागातून, लाडॅनिफरच्या फांद्या सोडा घातलेल्या पाण्यात उकळून.

सिस्टसच्या वर्गीकरणाला एक अनपेक्षित साक्षीदारही आहे. सायटिनस नावाची एक परोपजीवी वनस्पती सिस्टसच्या मुळांत राहते. तिला पान नाही, हरितद्रव्य नाही, वसंतात फक्त फुलांचा गुच्छ जमिनीतून वर येतो. पिवळ्या फुलांचा सायटिनस पांढऱ्या फुलांच्या सिस्टसवर आणि हॅलिमियमवर वाढतो, तर तांबड्या सायटिनसचे यजमान गुलाबी फुलांचे सिस्टस. २००८ मध्ये पश्चिम भूमध्य प्रदेशातल्या सायटिनसचा डीएनए तपासला, तेव्हा त्याचे आतले वंशही यजमानांच्या गटांप्रमाणे विभागलेले दिसले. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या गटांवर दोनशे वर्षे वाद घालत होते, ते या परोपजीवीने आपल्या परीने आधीच वेगळे काढले होते.

जातीच्या आतला वाद मात्र अजून जिवंत आहे. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाला, केप सेंट व्हिन्सेंटच्या वाऱ्याने झोडपलेल्या चुनखडीच्या कड्यांवर एक ठेंगणे, गोलसर झुडूप उगवते. पाने आखूड, रुंद, अतिशय चिकट, फुले बहुधा निखळ पांढरी. जपानी चेरींसाठी प्रसिद्ध असलेल्या कॉलिंगवुड इंग्रॅम यांनी १९४३ मध्ये पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ पाल्यिन्या यांच्या सन्मानार्थ त्याला सिस्टस पाल्यिन्ये हे स्वतंत्र जातीचे नाव दिले. पुढे बोंडाचे कप्पे, निदले आणि आजूबाजूच्या लाडॅनिफरशी होणारी सरमिसळ पाहून त्याला लाडॅनिफरची सुल्काटस ही उपजाती ठरवण्यात आले. आफ्रिकेकडच्या झुडपांसाठी मॉरिशियानस ही आणखी एक उपजाती मानतात. डीएनएत ही किनाऱ्यावरची झुडपे ठळक वेगळी पडत नाहीत. तरी बागेतल्या चांगल्या मातीत, वाऱ्यापासून दूर लावली तरी ती ठेंगणीच राहतात, म्हणजे त्यांचे रूप केवळ वाऱ्याने घडवलेले नाही.

माझे मत उपजातीच्या बाजूने आहे. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात हे झुडूप सिस्टस पाल्यिन्ये या जुन्याच नावाने संरक्षित यादीत आहे. वर्गीकरण बदलले म्हणून ते यादीतून गळता कामा नये. आम्लधर्मी मातीला बांधलेल्या या जातीची एक शाखा चुनखडीवर, खाऱ्या वाऱ्यात तगून आहे, आणि ती जगात फक्त त्या किनारपट्टीवर आहे.