खुलासा: स्क्लेरेडिमा म्हणजे स्क्लेरोडर्मा नव्हे

मानेमागची कातडी लाकडासारखी टणक झाली, की ‘हा स्क्लेरोडर्माच’, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून कातडी आवळणारा आजार, अशी धास्ती घातली जाते. नावं जुळ्यांसारखी, आजार मात्र वेगळे. जुनाट मधुमेहात क्वचित होतो तो स्क्लेरेडिमा. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ अब्राहम बुश्के यांनी १९०२ मध्येच तो वेगळा नोंदवला होता! स्क्लेरोडर्मात बोटं आखडतात, गारठ्यात पांढरी पडतात. स्क्लेरेडिमात बोटं सहसा मोकळीच. कॉलर सैल असूनही मान वळत नाही, पाठीची कातडी चिमटीत येत नाही. दाबल्यावर खड्डा पडत नाही, म्हणजे ही साधी सूजही नव्हे. कातडीला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये म्युसिन नावाचा चिकट पदार्थ साचलेला असतो. साखर आटोक्यात हवीच, पण तेवढ्याने कातडी मऊ होईलच असं नाही. अतिनील किरणांचे उपचार, फिजिओथेरपी यांनी काहींना आराम पडतो.