लॉगिन स्क्रीन अधूनमधून कोरी राहणे (लिनक्स डेस्कटॉप)

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू केल्यावर वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारणारी स्क्रीन येण्याऐवजी काळी किंवा करडी स्क्रीन तशीच राहणे, आणि संगणक बंद करून पुन्हा लावल्यावर बहुधा काहीही न करता सर्व सुरळीत होणे, असे या दोषाचे स्वरूप आहे. तो रोज येत नाही, आणि दुरुस्ती करणारा समोर बसला असताना तर सहसा येतच नाही; त्यामुळे कारण न शोधता संपूर्ण प्रणाली नव्याने टाकण्याकडे कल असतो. कारण सेवा (पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम) सुरू होण्याच्या क्रमात दडलेले असेल, तर एवढा खटाटोप करूनही दोष परत येतो.

मदरबोर्डवरील फर्मवेअर, कर्नल निवडून सुरू करणारा ग्रब, प्रणालीचा गाभा असलेला कर्नल आणि सुरुवातीलाच लागणाऱ्या ड्रायव्हरांचे छोटे गाठोडे असलेला इनिट्रॅमएफएस या टप्प्यांनंतर सेवा सुरू करणारी सिस्टमडी कामाला लागते, आणि डिस्प्ले मॅनेजर हा प्रोग्रॅम लॉगिन स्क्रीन दाखवतो. ग्नोम या डेस्कटॉपसोबत सहसा जीडीएम, केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपसोबत एसडीडीएम, तर लिनक्स मिंट या वितरणात (लिनक्सच्या तयार आवृत्तीत) लाइटडीएम हा डिस्प्ले मॅनेजर असतो. २००९ साली आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून, आधी इंटेलच्या चिपसाठी, रिझोल्यूशन ठरवण्याचे (मोडसेटचे) काम कर्नलमधील ग्राफिक्स ड्रायव्हरकडे आले. सिस्टमडी अनेक सेवा एकाच वेळी सुरू करते, म्हणून ड्रायव्हर आणि डिस्प्ले मॅनेजर यांपैकी आधी कोण तयार होईल याची खात्री नसते. डिस्प्ले मॅनेजर आधी पोहोचला, तर त्याला ग्राफिक्स कार्डच सापडत नाही आणि तो काही प्रयत्न करून थांबतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर सेवा अधिक भराभर सुरू होतात; ही तक्रार तेव्हा प्रथमच सुरू झाल्याचे आढळते, ते यामुळेच.

सोलापूरच्या पूर्व भागातील किंवा अक्कलकोट रस्त्यावरील चादर-टॉवेलच्या कारखान्याचे लहान कार्यालय डोळ्यांसमोर आणले, तर दोषाची आणखी एक बाजू कळते. बिलाचा जुना संगणक व्हीजीए केबलने मॉनिटरला जोडलेला असतो आणि दोघांची बटणे वेगळी असतात. मॉनिटर आपली क्षमता सांगणारी माहिती त्याच केबलमधून पाठवतो. केबल सैल असली, तिची एखादी पिन वाकली असली किंवा मॉनिटर उशिरा लावला, तर ड्रायव्हरला ती माहिती मिळत नाही. मग कधी चुकीचे रिझोल्यूशन येते, कधी काहीच दिसत नाही. लॅपटॉपला टीव्ही जोडलेला असेल, तर लॉगिन त्या टीव्हीवर उघडलेले असू शकते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेला की संगणकाच्या प्रत्येक दुखण्याचे खापर उन्हावर फोडले जाते; पण रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी पहिल्याच मिनिटाला कोरी स्क्रीन दाखवत असेल, तर उन्हाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

दोष दिसत असताना केलेली तपासणी सर्वांत मोलाची असते. त्या क्षणी पॉवरचे बटण दाबले की पुरावा बराचसा हातचा जातो. प्रथम कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का ते पाहावे. लागत असेल, तर कर्नल जिवंत असण्याची शक्यता मोठी. नंतर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षरी लॉगिन आले, तर बिघाड बहुधा डिस्प्ले मॅनेजरपुरता आहे आणि ती सेवा तेथूनच पुन्हा सुरू करता येते. तेही न आल्यास लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा: पुसट चौकटी आणि नाव दिसले, तर चित्र उमटत आहे, फक्त बॅकलाइट बंद आहे. एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) आधीपासून चालू ठेवले असेल, तर दुसऱ्या संगणकावरून आत शिरून नोंदी वाचता येतात.

या नोंदी सिस्टमडीच्या जर्नल या नोंदवहीत असतात. काही वितरणांत त्या संगणक बंद होताच पुसल्या जातात. 'व्हार'मधील 'लॉग' फोल्डरात 'जर्नल' नावाचे फोल्डर केले की त्या टिकतात. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेला 'डॅश बी, डॅश १' असे सांगितले की मागच्या वेळच्या नोंदी उघडतात. कोरी स्क्रीन आलेल्या सकाळच्या नोंदी एकट्या वाचून फारसा उपयोग नसतो, कारण निरोगी संगणकाच्या नोंदींतही लाल अक्षरांतल्या चुका भरपूर असतात. चांगल्या सकाळच्या नोंदी शेजारी ठेवून ग्राफिक्स ड्रायव्हरची ओळ आणि डिस्प्ले मॅनेजर सुरू झाल्याची ओळ यांच्या वेळा ताडून पाहाव्यात. त्यांचा क्रम उलटला असेल, तर निदान जवळजवळ झालेच.

अशा वेळी ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्येच घालणे हा खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी ड्रायव्हरचे नाव यादीत लिहून डेबियन व उबुंटूत 'अपडेट-इनिट्रॅमएफएस', तर फेडोरात 'ड्राकट' ही आज्ञा चालवतात. लाइटडीएममध्ये 'लॉगिनडी-चेक-ग्राफिकल' हा पर्याय चालू केल्यास तो ग्राफिक्स तयार होईपर्यंत थांबतो. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास 'एनव्हिडिया-डीआरएम' या ड्रायव्हरचे मोडसेट १ (चालू) आहे का ते पाहावे. जीडीएममध्ये झॉर्गची सोय असेल, तर चित्र दाखवणारी नवी पद्धत वेलँड बंद करून झॉर्ग या जुन्या पद्धतीवर चालवून पाहणे ही चाचणी म्हणून उपयुक्त आहे. कर्नलला 'नोमोडसेट' (रिझोल्यूशन ठरवू नको) सांगितल्याने स्क्रीन येते खरी, पण ग्राफिक्सचा वेग जातो. तो कायमचा इलाज मानू नये.

इतर कारणे थोडक्यात सांगता येतात. डिस्क पूर्ण भरली, तर डिस्प्ले मॅनेजरला तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत; 'डीएफ' या आज्ञेने हे लगेच कळते. वीज अचानक गेल्यानंतरच्या पहिल्या बूटला (सुरू होण्याला) फाइलप्रणालीची तपासणी चालू असते, आणि 'क्वाएट स्प्लॅश' हे कर्नलला दिलेले पर्याय ती लपवतात. ते काढल्यास संगणक काय करत आहे ते ओळीओळीने दिसते. २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये काही संगणकांवर यादृच्छिक आकड्यांचा साठा पुरेसा होईपर्यंत बूट अडून राही, आणि माउस हलवला किंवा कळा दाबल्या की लॉगिन अवतरे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ५.४ या कर्नलने ही अडचण दूर केली.

कर्नल अद्ययावत केल्यानंतरच दोष सुरू झाला असेल, तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडून काही दिवस काम करून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुरेशा सकाळी जाऊ द्याव्यात. दोन दिवस लॉगिन नीट आले, एवढ्यावरून उपाय लागू पडला असे ठरत नाही.

लॉगिन स्क्रीन येते, पासवर्डही स्वीकारला जातो आणि क्षणभर काळोख होऊन पुन्हा तीच स्क्रीन येते, हा दोष वेगळा आहे. झॉर्गवर त्यामागे पुष्कळदा घरच्या फोल्डरातील 'एक्सऑथॉरिटी' फाइलची मालकी चुकून रूटकडे (प्रणालीच्या मुख्य खात्याकडे) गेलेली असते, आणि ती वापरकर्त्याकडे परत देणे पुरते.