गहू सोडण्याआधी रक्त तपासा

आठवडाभर पोळी बंद केली, पोट हलकं वाटलं, म्हणजे आपल्याला गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन बाधतं, असं लोक झटकन ठरवून टाकतात. गव्हात फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकंही असतात आणि पोटफुगी पुष्कळदा त्यांच्यामुळेच होते.

सिलिॲक या आजाराची गोष्ट वेगळी. त्यात ग्लुटेनमुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषणारे रसांकुर सपाट होतात. जुलाब होतीलच असं नाही. कुणाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनीही वाढत नाही, कुणा मुलाची उंची अडते. ग्लुटेन पूर्ण टाळण्याचं पथ्य हाच यावरचा उपचार, तोही जन्मभराचा.

म्हणून निदान पक्कं हवं. आधी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, सोबत आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाण; ते मुळातच कमी असेल तर अहवाल खोटा 'निगेटिव्ह' येतो. मग बहुतेकदा दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासतात. गहू आधीच सोडला असेल तर दोन्ही तपासण्या फसतात. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण सहा ते आठ आठवडे पुन्हा रोज पोळी खावी लागते, आणि हा काळ काहींना फार जड जातो. एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकीय तपासणी मात्र पथ्यावर असतानाही चालते. ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळपास बाद.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा ही आपली नेहमीची धान्यं ग्लुटेनमुक्तच. खपली मात्र गहूच. 'खपली चालतो' हा गैरसमज महागात पडतो. जव आणि रवा-शेवयाही बाद.

खरी अडचण गिरणीत. 'ग्लुटेनमुक्त' म्हणवण्याची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेन. कणकेत साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात 0.2 ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा गाठली. म्हणजे जेमतेम चिमूटभर! गव्हाचं दळण काढलेल्या गिरणीच्या दगडांत आणि पीठ पडतं त्या तोंडाला लावलेल्या कापडी पिशवीत त्याहून कितीतरी जास्त पीठ अडकलेलं असतं. आधी मूठभर तांदूळ फिरवल्याने ते पुरतं निघत नाही. घरघंटी घ्यावी, तीत गहू कधीच दळू नये. ज्वारीही निवडून, धुऊन, वाळवून दळावी. परातीचं आणि पोळपाटाचंही तेच. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळंच ठेवावं.

बाजारातली ग्लुटेनमुक्त बिस्किटं, ब्रेड महाग, शिवाय त्यांत बहुधा स्टार्च आणि साखर जास्त, तंतू कमी. भाकरी केव्हाही बरी.

पथ्य सुरू झाल्यावर लोह, फोलेट, बी१२, ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. टीटीजी उतरायला महिने लागतात, मोठ्यांचं आतडं भरून यायला कधी दोन वर्षंही. वर्षभराने हा आकडा खाली येत नसेल, तर स्वयंपाकघरातले डबे तपासावेत. बांधानी हिंगात बरेचदा मैदा असतो, मेतकुटात बहुधा गहू भाजून घातलेले असतात, थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरी गहू पडतात आणि सोया सॉस गव्हापासूनही बनतो.